दुआही करा, दवाही द्या

दहावी-बारावीचे निकाल लागून गेले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी सासू-सून, घरखर्च, लग्नातली उधळपट्टी, मुलांचा मोबाइल अशा विषयांवर पत्रं येतात. जून-जुलैत मात्र वेगळी पत्रं वाढतात. त्यांच्या शेवटी हमखास एक ओळ असते, नाव-गाव छापू नका. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. नाव-गाव अर्थातच छापत नाही. पण त्यातली गोष्ट तुमच्यापैकी अनेकांच्या घरातली आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिलं पत्र कोकणातल्या एका आईचं. मिस्टर आखातात. सोळा वर्षांचा मुलगा चार महिन्यांपासून कॉलेजला जात नाही. रात्रभर जागा, दिवसभर अंथरुणात. क्रिकेट सुटलं, जुम्म्याला जाणं सुटलं, मित्र दारातून परत जातात. काही विचारलं की अंगावर येतो. अब्बा फोनवर ओरडतात, दादी नजर उतरवते. आई लिहिते, ‘पूर्वी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा. आता माझ्याकडे बघतसुद्धा नाही.’

दुसरं पत्र मराठवाड्यातल्या एका शिक्षक वडिलांचं. पंधरा वर्षांची मुलगी वुजू करायला बसली की पाऊण तास उठत नाही. हात पाण्याने फुटलेत, तरी वाटतं कोपर कोरडं राहिलं. नमाजला उभी राहते, मग नियत चुकली म्हणून पुन्हा सुरू करते. ‘सुरुवातीला आम्ही खूश होतो, मुलगी दीनदार झाली म्हणून. आता ती रडत रडत नमाज पढते.’

तिसरं पत्र सांगलीकडच्या एका तरुणाचं, सतरा वर्षांच्या धाकट्या बहिणीबद्दल. तिला अधूनमधून झटका येतो. दातखिळी बसते, आवाज बदलतो, नंतर काही आठवत नाही. सहा जुमेरात दर्ग्यावर नेलं. आता मामू म्हणतात, लग्न करून टाका, आपोआप बरी होईल.

तिन्ही पत्रांत एक गोष्ट सारखी आहे. घरात काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांना कळलंय, सगळे घाबरलेत, आणि तिन्ही मुलांना अजून डॉक्टरकडे नेलेलं नाही. तिघांनीही आम्हाला विचारलंय, ‘याला दाखवायचं तरी कुणाला?’ या महिन्याचं सदर या एका प्रश्नासाठी.

वयाचा भाग किती, आजार किती

वयात येताना मुलं बदलतात. चिडतात, दार लावून घेतात, उलट बोलतात. त्यातलं बहुतेक वयाचं असतं आणि वयाबरोबर निवळतं. पण सगळंच ‘वयाचं आहे, जाईल’ म्हणून सोडून देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांना उपचाराची गरज असलेला त्रास आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार-पाच. त्या वर्गात आपली मुलंही बसतात.

मग फरक ओळखायचा कसा? डॉक्टर साधारणपणे तीन गोष्टी बघतात. बदल किती दिवस टिकलाय, किती ठिकाणी दिसतोय आणि रोजचं जगणं किती अडलंय. परीक्षेत कमी मार्क पडले आणि मुलगा चार दिवस रुसला, हा आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, अभ्यास, खेळ, मित्र हे सगळंच बिघडलं असेल, घरीही तेच आणि शाळेतही तेच असेल, तर दाखवायला हवं. दोन आठवडे हा आकडा लक्षात ठेवा. आणि मुलाला कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, घरचेच आपल्या जेवणात काही घालतात असा संशय येत असेल, किंवा तो मरणाच्या गोष्टी करत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते. मोठ्या माणसाला नैराश्य आलं की तो उदास दिसतो, रडतो. किशोरवयीन मुलांत तेच नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं. म्हणून ज्याला घर ‘बिघडलेला’, ‘बदतमीज’ म्हणतं, तो मुलगा आतून खचलेला असू शकतो. कोकणातल्या त्या भगिनीला आम्ही हेच कळवलं. मुलगा त्यांच्यावर रागावलेला नाही, तो आजारी असण्याची शक्यता आहे. उलटी झालेली झोप, सुटलेले मित्र, आवडत्या खेळातून उडालेलं मन ही नैराश्याची ओळखीची लक्षणं आहेत. अब्बांच्या ओरडण्याने ती जात नाहीत, वाढतात. घरापासून हजारो मैलांवर राबणाऱ्या बापाची तगमग आम्हाला समजते. त्याच्या हातात फोनशिवाय दुसरं काही नाही. पण त्या फोनवर ‘कॉलेजला का जात नाहीस’ऐवजी ‘बेटा, तुला काय होतंय?’ एवढं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहिलं, तर पाठवलेल्या रकमेइतकाच त्याचाही आधार होईल.

ईमान कमजोर आहे का?

आपल्या घरांत हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि मुलाच्या मनाला सगळ्यात जास्त तोच लागतो. ‘नमाज पढ, सगळं ठीक होईल. अल्लाहवर भरोसा नाही का तुझा?’ बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याच्या दुःखावर हे बोल गुन्ह्याचं ओझं चढवतात.

आपल्याच परंपरेत बघा. हजरत याकूब (अ.) हे पैगंबर होते. पुत्रवियोगाने त्यांच्या डोळ्यांची दृष्टी गेली, असं कुरआन सांगतं. त्यांचं ईमान कमजोर होतं असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांचे डोळे वाहिले. हजरत खदीजा (रजि.) आणि चाचा अबू तालिब ज्या वर्षी गेले, त्या वर्षाला आपला इतिहासच दुःखाचं वर्ष म्हणतो. अल्लाहने असा आजार उतरवला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, हा हदीसचा आशय आपण ताप-खोकल्याला सांगतो, मग मनाच्या आजाराला का सांगत नाही? आणि ज्याची शुद्ध हरपली आहे त्याच्या कर्मांचा हिशेब तो बरा होईपर्यंत लिहिला जात नाही, हेही आपण मदरशात शिकलेलो असतो. आजारी मनाला दीनने सवलत दिली, शिक्षा नाही.

इतिहासही पाठीशी आहे. नवव्या-दहाव्या शतकात बल्ख इथे अबू जैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्यात राग, भीती, उदासी आणि पिच्छा न सोडणारे विचार यांचा वेगवेगळा विचार आहे. कारण ठाऊक असलेली उदासी वेगळी आणि कारणाशिवाय येणारी वेगळी, हा भेद त्यांनी तेव्हा केला. शरीराचा वैद्य मनाकडे बघत नाही, ही तक्रारही त्यांची आहे. दमास्कसमध्ये नूरुद्दीन यांनी ११५४ मध्ये आणि कैरोत सुलतान कलावून यांनी १२८४ मध्ये उभारलेली इस्पितळं प्रसिद्ध आहेत. त्या काळच्या अशा इस्पितळांना बीमारिस्तान म्हणत. मनाच्या रुग्णांसाठी तिथे वेगळी व्यवस्था असे. तुर्कस्तानातल्या एदिर्ने शहरी १४८८ मध्ये बांधलेल्या इस्पितळात अशा रुग्णांना पाण्याचा आवाज आणि संगीत ऐकवत. ती इमारत आज संग्रहालय म्हणून उभी आहे. म्हणजे मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणं ही काही परक्यांकडून उसनी घेतलेली रीत नाही.

वसवसा की मंत्रचळ?

मराठवाड्यातल्या त्या मुलीकडे येऊ. पुन्हा पुन्हा वुजू, नियतीची शंका, कपड्याला नापाकी लागल्याची भीती याला आपण वसवसा म्हणतो. थोडाफार वसवसा कुणालाही येतो. पण तो दिवसातला तासाहून जास्त वेळ खायला लागला, अंगाला इजा करू लागला आणि थांबवावासा वाटूनही थांबेना, तर त्याला वैद्यकात ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला मंत्रचळ असा जुना शब्द आहे. हा आजार किशोरवयात सुरू होणं नेहमीचं आहे. तो ज्या घरात वाढतो त्या घरातले विषय उचलतो. कुणी शंभर वेळा कुलूप बघतं, कुणी देवघरातल्या सोवळ्यात अडकतं, आपली मुलगी वुजूत अडकते. आजार एकच आहे.

त्यामुळे ‘मुलगी जास्त दीनदार झाली’ हा समज घातक ठरतो. नमाजमधली शांती हरवली असेल तर ती दीनदारी नाही, ती तडफड आहे. फिक्हचा एक मूळ नियम असा आहे की खात्री शंकेने नाहीशी होत नाही. वुजू केलं हे माहीत आहे, मग तुटलं असेल का या नुसत्या शंकेने ते तुटत नाही. वसवशाकडे लक्ष देऊ नका, त्याला खतपाणी घालू नका, हाच सल्ला आपल्या उलेमांनी पिढ्यानपिढ्या दिला. आजच्या उपचारपद्धतीची दिशाही तीच आहे. समुपदेशनात मुलीला हळूहळू, पायरीपायरीने शिकवलं जातं की शंका आली तरी पुन्हा हात धुवायचे नाहीत. थोडा वेळ जीव घुसमटतो, मग ती घुसमट आपोआप उतरते. हे रोज केलं की मेंदूला नवी सवय लागते. त्रास जास्त असेल तर जोडीला गोळ्या असतात.

घरच्यांनी यात एक पथ्य पाळायचं. मुलगी दहा वेळा विचारते, ‘अम्मी, माझं वुजू झालं ना?’ आई प्रेमाने दहा वेळा ‘हो’ म्हणते. त्या प्रत्येक ‘हो’ने आजार बळावतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हे उत्तर देणं कमी करत न्यायचं. मोहल्ल्यातले समजूतदार मौलाना मुलीला एकदा नीट मसला सांगू शकले तर उत्तम. मात्र मसला एकदाच सांगायचा. तिने रोज नवी शंका विचारायची आणि त्यांनी रोज समाधान करायचं, असं झालं की तोही आजाराचा खुराक होतो.

हाजरी, झटका आणि साखळी

तिसऱ्या पत्रातल्या बहिणीबद्दल आम्हाला सर्वात जास्त काळजी वाटली. झटका आला की सगळ्यात आधी मिरगी आहे का, हे तपासावं लागतं. त्यासाठी मेंदूचा आलेख काढतात. तो एक साधा, न दुखणारा तपास आहे. कांदा किंवा चप्पल हुंगवून मिरगी कळत नाही आणि बरीही होत नाही. मिरगी नसेल तर दुसरी शक्यता असते. तोंडाने सांगता न येणारा ताण शरीर बोलून दाखवतं. शिक्षण तोडलंय, घरात मारहाण आहे, नको असलेलं स्थळ आहे, कुणी जवळच्याने छेडलंय, असं काहीही त्यामागे असू शकतं. मुलगी सोंग करत नसते. तिला खरंच काही आठवत नसतं. अशा मुलीशी एकांतात, घाई न करता, विश्वासाने बोलणारी बाई हवी. ते काम प्रशिक्षित समुपदेशक करते.

जिन्नांचा उल्लेख कुरआनात आहे, त्यावर इथे वाद घालायचा नाही. आमचं म्हणणं इतकंच की प्रत्येक दातखिळी म्हणजे असर नव्हे आणि ते ठरवायच्या आधी डॉक्टरने तपासायला हवं. आयतुल कुर्सी पढा, दम करा, दुआ करा. पण उपाशी ठेवणं, धूर देणं, मारणं, केस ओढणं, बांधून घालणं हा रुकया नाही. तो जुलूम आहे, आणि कायद्याने गुन्हाही होऊ शकतो.

बांधून घालण्याची किंमत आपल्या देशाने मोजलेली आहे. तामिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी इथे मोठा दर्गा आहे. त्याच्या आसपास खासगी लोकांनी मनोरुग्णांसाठी झोपडीवजा ‘घरं’ चालवली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका घराला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही. २८ जण गेले. त्यांनाही कुणीतरी आपल्या माणसाला बरं वाटावं म्हणूनच तिथे आणून सोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला साफ मनाई केली आहे.

पण त्याच श्रद्धेच्या जागी चांगलंही घडू शकतं. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. तिथल्या मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं. आलेल्या माणसासाठी ते दुआ करतात आणि तिथेच बसणाऱ्या डॉक्टरकडेही पाठवतात. ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे त्याच्याच तोंडून ‘डॉक्टरकडे जा’ हे शब्द आले की घरच्यांचे पाय वळतात. आमच्या मते आपल्या गावच्या मशिदीत आणि दर्ग्यात हे करायला कुणाची हरकत नसावी.

कुणाकडे जायचं, तिथे काय होतं

आता मुख्य प्रश्न. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. गोळ्या तोच देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाही. तो चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारायला लाजू नका. नुसती ‘कौन्सिलर’ पाटी लावलेल्या प्रत्येकाकडे हे शिक्षण असतंच असं नाही.

सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून करता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे. त्याखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी चालते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही वेगळा विभाग असतो. खर्च नाममात्र. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथे ओपीडीही असते. ओपीडीत दाखवलं म्हणजे मुलाला ‘ठेवून घेतील’ असं नाही. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत वेगळं क्लिनिक असतं. आपल्याकडे त्याला बऱ्याच ठिकाणी ‘मैत्री’ म्हणतात. मुलाला थेट मानसोपचाराच्या दारात नेणं जड जात असेल तर तिथून सुरुवात करा. तेही शक्य नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आईनेही फोन केला तर चालतो.

पहिल्या भेटीत काय होतं याची धास्ती असते, म्हणून सांगतो. विजेचे झटके देत नाहीत. डॉक्टर आधी घरच्यांशी बोलतात, मग मुलाशी एकट्याने. या एकट्याच्या वेळेला हरकत घेऊ नका. आईसमोर जे निघत नाही ते तिथे निघतं. थायरॉइड, रक्तातलं लोह अशा तपासण्या सांगू शकतात, कारण थकवा आणि उदासी त्यामुळेही येते. त्रास सौम्य असेल तर पुष्कळदा फक्त समुपदेशन पुरतं. मुलीसोबत बाई डॉक्टर हवी असेल तर तसं आधी विचारा. ही मागणी गैर नाही.

गोळ्यांबद्दल चार गोष्टी. एक, नैराश्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांची नशेसारखी सवय लागत नाही. दोन, त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही स्वतःच्या मनाने थांबवू नका. तीन, सुरुवातीच्या काही आठवड्यांत काही मुलांची अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. म्हणून त्या काळात मुलावर नीट लक्ष ठेवायचं आणि तसं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. चार, गोळ्यांची पाकिटं मोठ्यांच्या ताब्यात ठेवायची.

रमजानचंही सांगतो. दर वर्षी अनेक रुग्ण रोज्यासाठी गोळ्या परस्पर बंद करतात आणि ईदच्या आसपास आजार उलटतो. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. पुष्कळ औषधं इफ्तार आणि सहरीच्या वेळात बसवता येतात. काही बसत नाहीत. उदाहरणार्थ लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर औषधाचं प्रमाण रक्तात धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. झोपमोडीनेही काही आजार उफाळतात. डॉक्टर ‘रोजा नको’ म्हणाले तर आजाऱ्याला सवलत आहे, हे कुरआनातच आलेलं आहे. मुलाला त्याबद्दल घरात कुणी टोचून बोलणार नाही, एवढं आईने बघायचं.

भरती करायची वेळ आलीच तर कायदा मुलांची बाजू घेतो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला अपवादात्मक स्थितीतच दाखल करता येतं. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तसं ठरवावं लागतं. मुलाला मोठ्या रुग्णांमध्ये ठेवत नाहीत, वेगळं ठेवतात. पालक पूर्ण वेळ सोबत राहतो. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत स्त्री हवी. ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य मंडळाला कळवावं लागतं. विजेचा उपचार मुलांना पालकांच्या संमतीशिवाय आणि मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही, आणि भूल दिल्याशिवाय कुणालाच देता येत नाही. आरोग्य विम्यात मानसिक आजारांनाही इतर आजारांसारखंच धरायचं, हेही याच कायद्यात आहे. पॉलिसी असेल तर विचारून बघा.

मरणाची भाषा

‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘आता माझी कटकट राहणार नाही’ असं मूल बोललं, आवडत्या वस्तू वाटू लागलं, किंवा फार दिवसांच्या तगमगीनंतर अचानक शांत झालं, तर ती धमकी किंवा नाटक समजू नका. ‘तौबा कर, हे हराम आहे’ म्हणून तोंडही बंद करू नका. हराम आहे हे त्याला माहीत आहे, तरी तो बोलतोय. यावरूनच वेदना केवढी आहे ते ओळखा. सरळ विचारा, ‘मरावंसं वाटतंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं वाटतं. त्याला एकटं सोडू नका. शेतातली औषधं, घरातल्या गोळ्या कुलूपबंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ वर रात्रीही फोन लागतो. मुलांसाठी १०९८ हाही क्रमांक आहे.

काही घरं पोलिसांच्या भीतीने मुलाला दवाखान्यात न्यायला उशीर करतात. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही, असं २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ मध्ये म्हटलं आहे. रुग्णालय नोंद करेल, ती त्यांची पद्धत आहे. त्या भीतीपायी एक मिनिटही घालवू नका.

‘लोगां क्या बोलेंगे’

शेवटी ज्या भीतीमुळे पत्राखाली नाव नको असतं, त्या भीतीबद्दल. ‘कळलं तर मुलीचं लग्न कसं जमेल?’ हा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. बिरादरी लहान आहे, गोष्ट फिरते, आईबापांना त्यातच राहायचं असतं. पण हिशेब नीट मांडून बघा. उपचार घेतलेली मुलगी शिकते, कामाला लागते, संसार करते. उपचार न मिळालेली मुलगी लपवून लग्न करून दिली की तिचा आजार सासरी उघडा पडतो. नवी माणसं, नवी जबाबदारी, पुढे बाळंतपण, त्यात औषध नाही. मग वर्षा-दोन वर्षांत तलाक किंवा खुला होतो, आणि तेव्हा मात्र सगळी बिरादरी बोलते. लग्न हे औषध नाही. शिवाय सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न हा कायद्याने गुन्हा आहे. मामूंना ही गोष्ट अदबीने, पण स्पष्ट सांगायला हवी.

मुलांचंही तेच. ‘आळशी आहे, गॅरेजवर बसवा, दुबईला पाठवा, सुधारेल’ असं म्हणतात. आजारी मुलगा परमुलखात, अनोळखी खोलीत, बारा तासांच्या कामात सुधारत नाही. नैराश्य, चिंता, मंत्रचळ यांतून बहुतेक मुलं उपचारांनी सावरतात. स्किझोफ्रेनियासारख्या मोठ्या आजारातही जितक्या लवकर औषध सुरू होतं तितकं हाती जास्त लागतं. घालवलेले महिने हेच खरं नुकसान असतं.

म्हणून आमची तीन आर्जवं. आयांनो, घरातल्या मोठ्यांची परवानगी मिळेपर्यंत थांबू नका, निदान १४४१६ ला एक फोन करा. वडिलांनो, मुलगा डॉक्टरकडे जायला तयार झाला तर त्या दिवशी त्याच्या शेजारी बसायला जा. आखातात असाल तर फोनवर सोबत राहा. आणि मशिदीच्या ट्रस्टींनो, जुम्म्याच्या दिवशी वर्गणीची घोषणा होते, जनाजाची होते, कधीतरी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचा वारही लाउडस्पीकरवरून सांगा. पाटीवर हेल्पलाइनचा क्रमांक लिहा. मोहल्ल्यात कुणाचं मूल ओपीडीत दिसलं तर त्याच्या आईला ‘काय झालं गं?’ न विचारता ‘सोबत येऊ का?’ असं विचारायची सवय आपण सगळेच लावून घेऊ. अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांना शिफा देवो. आमीन.